दिंडीतला दवाखाना आणि शिकणारी मुलं

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात औषधाच्या पेटीवरील सेवेकऱ्यांच्या वतीने केलेले भाषण)

राम कृष्ण हरी.

शंभर वर्षांचा सोहळा आहे. या ठिकाणी कीर्तनकारांनी बोलावं, जुन्या वारकऱ्यांनी आठवणी सांगाव्यात. औषधाच्या पेटीजवळ बसणाऱ्यांना उभं केलं याचं आम्हालाच थोडं नवल वाटलं. पण मालकांचा शब्द मोडता येत नाही. म्हणाले, "तुम्ही आमचे पाय बांधले ते आम्हाला ठाऊक आहे. त्यात तुमचं काय झालं ते सांगा." तेव्हा तेवढंच सांगतो.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. बोलणारं तोंड एक असलं तरी आम्ही पुष्कळ आहोत. बारावी होऊन नीटची तयारी करणारी गावातली पोरं-पोरी, एमबीबीएसला, बीएएमएसला, नर्सिंगला असलेले विद्यार्थी, इंटर्नशिप करणारे. दरवर्षी काही नवे येतात, काही जुने परत येतात. आमच्यातले काही आज डॉक्टर होऊन बसलेत, काही अजून शिकतायत, काही भलत्याच वाटेला गेले. दिंडीत सगळे आम्हाला 'पेटीवरची पोरं' म्हणतात. चाळिशी ओलांडलेल्यालासुद्धा!

जुनी माणसं सांगतात, पूर्वी खरोखरच एक पत्र्याची पेटी होती. तीत जांभळं औषध, टिंक्चर आयोडीन, कापूस, निलगिरीचं तेल आणि ओव्याची पुरचुंडी. ज्याला पट्टी बांधता येते त्याच्याकडे पेटी. आता ताडपत्रीचा तंबू असतो, दोन टेबलं असतात, रक्तदाबाचं यंत्र, साखर तपासायचं यंत्र, मलमपट्टीचं सामान, आणि नोंदणी असलेले डॉक्टर सोबत असतात. वाटेवर सरकारी आरोग्य पथकं आहेत, 2014 पासून 108 ची गाडी आहे. मग आपल्या पेटीची गरज काय, असं कुणी विचारतं. गरज अशी की मोठ्या पथकाकडे माणूस आजारी पडल्यावर जातो, आपल्या पेटीकडे तो मुक्कामावर पाय धुऊन सहज येतो, बसतो, घरचं सांगतो आणि जाता जाता म्हणतो, "बाकी काही नाही, जरा चक्कर येते." त्या 'बाकी काही नाही'साठी पेटी लागते.

आमच्यातल्या कच्च्या पोरांना पहिल्या दिवशीच नियम सांगितले जातात. बारावीच्या मुलांनी औषध द्यायचं नाही, सुई टोचायची नाही. त्यांनी नावं लिहायची, पाणी आणायचं, पाय धुवायचे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी डॉक्टरांच्या देखत रक्तदाब मोजायचा, साखर तपासायची. इंटर्ननी मलमपट्टी करायची. गोळी ठरवायची ती डॉक्टरांनीच. यात सूट नाही. कुणाला वाटेल, मग त्या पाय धुणाऱ्या पोराला काय शिकायला मिळालं? तेच सांगायला उभे आहोत.

कॉलेजच्या वॉर्डात पेशंट आडवा असतो आणि शिकणारे वीस जण त्याच्याभोवती उभे. दिंडीत उलटं. वारकरी खुर्चीवर बसतो, आम्ही खाली पोत्यावर, आणि त्याचा पाय आमच्या मांडीवर. माणूस संकोचतो. "अहो डॉक्टर, पायाला हात नका लावू," म्हणतो. पण वारीत लहान-मोठा कुणीही कुणाच्याही पाया पडतो, त्यामुळे हा संकोच पाच मिनिटांत जातो. आमचा मात्र वेळ घेतो. चिखलातून वीस किलोमीटर चाललेला पाय, बोटांच्या बेचक्यात पांढरी फुगलेली चिखली, फुटलेला फोड, आणि वास. पायात सव्वीस हाडं असतात हे पहिल्या वर्षाला पाठ केलेलं असतं. त्या हाडांवर असा पाय असतो हे पुस्तकात नव्हतं. शहरातून आलेल्या एका मुलीला पहिल्या संध्याकाळी ओकारी आली. ती तंबूमागे गेली, चूळ भरली, परत येऊन तोच पाय पुन्हा मांडीवर घेतला. समोरच्या बाबांनी काही पाहिलंच नाही असं दाखवलं आणि तिला आपल्या शेतातल्या बैलाची गोष्ट सांगत बसले.

दुसरी गोष्ट कळते ती औषधाच्या चिठ्ठीची. पुस्तकात पायाच्या निम्म्या दुखण्यांवर 'विश्रांती' हा उपचार आहे. वारकऱ्याला सांगून बघा विश्रांती! तो 'हो' म्हणेल, आणि पहाटे तीनला काकड्याला उभा असेल. मग शिकणाऱ्याला डोकं चालवावं लागतं. माणूस उद्या चालणारच आहे असं धरून आज काय करता येईल? लहान फोड असेल तर फोडायचा नाही, वर गादी ठेवून बांधायचं. मोठा ताणलेला असेल तर डॉक्टर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढतात, वरची कातडी तशीच ठेवतात. बरीच मंडळी आपणच फोडात सुई-दोरा ओवून ठेवतात आणि दोरा आतच राहतो. त्या दोऱ्यावरून घाण आत जाते. चिखलीला पाय पुसून कोरडा करणं हे मलमाच्या आधीचं औषध. हे सगळं माणसाच्या चालण्यात बसवून द्यायचं. पुढे दवाखान्यात बसल्यावर ऊस तोडणाऱ्याला, हमालाला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला 'आठ दिवस आराम करा' असं लिहून देताना आमचा हात थांबतो, तो या सवयीने.

सुईचंही सांगतो. "एक सुई टोचा, सलाईन लावा, म्हणजे तरतरी येईल," हे आम्ही रोज ऐकतो. आणि आपापसांत दुखीच्या गोळ्या वाटणं तर प्रसादासारखं चालतं. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून यानेही घेतली. बाबांनो, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, त्यात रक्तदाब किंवा साखर असेल तर, या दुखीच्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. शिकणाऱ्या मुलाला सगळ्यात अवघड काय जात असेल तर हात जोडून बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला 'नाही' म्हणणं. गोळी देऊन वाटेला लावणं सोपं. 'नाही' म्हणायचं तर शेजारी बसावं लागतं, कारण सांगावं लागतं, पाणी पाजावं लागतं, आणि एवढं करून माणूस रागावून दुसऱ्या तंबूत जातो तेही सोसावं लागतं.

आता एक दिवेघाटाची हकिकत. आळंदीहून माउलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. त्यामुळे पुण्याहून सासवडला जायचा दिवस बहुतेक वर्षी एकादशीचाच येतो. तीस किलोमीटरच्या वर चाल, वर घाट, आणि पोटात उपवास. एका वर्षी आपल्या दिंडीतले एक टाळकरी घाटाच्या दुसऱ्या वळणावर ताल चुकू लागले. आसपासच्यांना वाटलं, माउली रंगलीत. मृदंगवाल्यांना तसं वाटलं नाही. वीस वर्षं ज्याचा टाळ ऐकला तो मात्रा सोडतो म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं त्यांनी ओळीतून चालणाऱ्या आमच्या एका पोराला सांगितलं. पोरगा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने हात धरला तर हात गार, घामाने ओला. नाव विचारलं तर टाळकरी नुसते हसले. पिशवीतलं यंत्र काढून साखर पाहिली, तर पन्नासच्याही खाली. सकाळी साखरेची गोळी नेहमीसारखी घेतली होती, आणि खाल्लं मात्र काही नव्हतं.

शुद्ध होती, गिळता येत होतं, म्हणून डॉक्टरांना फोन लावून तिथेच साखरेचं पाणी पाजलं. ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा. पाच-दहा मिनिटांत माणूस भानावर आला आणि पहिला प्रश्न काय? "उपास मोडला का हो?" पोरगा गप्प. याचं उत्तर फिजिओलॉजीत नाही. विणेकरी महाराज म्हणाले, "साखर उपासाला चालते. केळं चालतं. राजगिऱ्याचा लाडू चालतो. खा, आणि रथाच्या आत वर चला." काही गोळ्यांचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरते, म्हणून सासवडच्या मुक्कामापर्यंत तो पोरगा त्यांच्या डाव्या अंगाला चालत राहिला आणि मधूनमधून बोटाला टोचत राहिला.

परीक्षेत साखर उतरल्याची लक्षणं विचारतात: घाम, थरथर, गोंधळ. 'ताल चुकणे' असं कुणी लिहिलं तर गुण मिळणार नाहीत. पण तो मुलगा आज डॉक्टर आहे आणि पेशंटसोबत आलेल्या माणसाला आधी विचारतो, "तुम्हाला काय वेगळं वाटलं?" रोज ज्याचा सहवास आहे त्याला यंत्राच्या आधी कळतं, हे त्याला मृदंगवाल्यांनी शिकवलं. तेव्हापासून आपल्या दिंडीत आळंदीलाच साखरेच्या सगळ्या माउलींची यादी होते आणि एकादशीला गोळी किती घ्यायची, घ्यायची की नाही, हे आदल्या रात्री डॉक्टरांना विचारलं जातं.

बायकांच्या दुखण्याचं बोललं पाहिजे. सभेत बोलायचा विषय नव्हे असं कुणाला वाटेल, पण पेटीवर तो रोज येतो. दुपारच्या विसाव्याला तुळशी-हंडेवाल्या माउल्या यायच्या. चक्कर येते, डोकं धरतं, लघवीला आग होते. जलसंजीवनीची पुडी दिली जायची, ती योग्यच होती. पण पुडी पदराला बांधलेली तशीच राहायची. सांगून सांगून पाणी पीत नसत. मग आमच्यातली एक मुलगी रात्री त्यांच्याच राहुटीत झोपायला लागली. तिला दोन दिवसांत कळलं. एक मावशी म्हणाल्या, "पाणी प्यालं की जायला लागतं, बाई. जायचं कुठं? समोर रस्ता, मागं रस्ता. पहाटं टँकरापाशी आंघुळ केली की रातच्याला अंधार पडंपर्यंत धरून ठेवायचं. त्यापरीस न प्यालेलं बरं."

त्या मुलीने त्या दिवशीच्या केसपेपरवर रोगाच्या नावाच्या जागी लिहिलं, 'आडोसा नाही'. डॉक्टरांनी तो कागद तसाच दिंडीच्या बैठकीत ठेवला.

आपल्याला माहीत आहे, मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंच केला की लाखोंचा समाज एकदम शांत होतो. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल ती टाळ वाजवत राहते आणि चोपदार तिच्याकडे जातात. आपली रीत इतकी सुंदर आहे. पण या माउल्यांच्या गाऱ्हाण्याला टाळ नव्हता. त्या चाळीस वर्षं गप्प चालत होत्या. बैठकीत वाद झाला, तोही सांगतो. ट्रकमध्ये जागा नाही, जादा माणूस लागेल, सरकारची फिरती शौचालयं आहेतच की, असं म्हणणं पडलं. तेव्हा एक जुन्या तुळशीवाल्या माउली उठल्या आणि म्हणाल्या, सरकारच्या संडासापुढची रांग तुम्ही पाहिलीय का, आणि ती मुक्कामाला, विसाव्याला काय? पुढच्या वर्षीपासून ट्रकसोबत बांबू, ताडपत्री, पाण्याचं पिंप आणि एक सेवेकरी मावशी. विसाव्याला आधी आडोसा उभा राहतो, मग चहा. आगीची तक्रार अजून येते, पण आमच्या वहीचं ते पान आता भरत नाही.

सरकारची फिरती शौचालयं वाटेवर आली ती चांगलीच गोष्ट झाली. पण त्या मुलीच्या शिकण्याच्या दृष्टीने पाहा. चक्कर आली, औषध दिलं, झालं, एवढ्यावर तिचं थांबलं नाही. पाणी का पीत नाहीत, हा पुढचा प्रश्न तिने विचारला. आणि तो विचारायला तिला राहुटीत झोपावं लागलं.

मोठ्या माणसांनीही असंच केलेलं आहे. ही जलसंजीवनीच घ्या. 1971 साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत चालल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ आणि ग्लुकोजच्या पुड्या करून पाण्यात कालवून पाजायला सुरुवात केली, आणि पाजायचं काम रुग्णाच्या घरच्यांना शिकवलं. माणसं वाचली. त्यांना 2023 साली मरणोत्तर पद्मविभूषण दिलं गेलं. तेव्हाच्या नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या, अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात साध्या आरोग्य केंद्रात विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचवाच्या विषावर कसं उपयोगी पडतं, ते त्यातून जगाला कळलं. यांपैकी कुणाच्याही हाताशी मोठं इस्पितळ नव्हतं. आमच्या पोरांना आम्ही ही नावं सांगतो. (पुडी नसेल तर घरचं प्रमाणही सांगून ठेवतो: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त नको.)

विंचवावरून आठवलं. रात्रीच्या पहाऱ्याला आमची दोन पोरं जागी असतात. जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार चावते तेव्हा कधी कधी दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. असं कुणाला झालं तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिक शोधायचा नाही. माणसाला हलवायचं नाही, 108 ला फोन करायचा. पुढचं दवाखान्यात.

आता वाल्ह्याची गोष्ट. ही जरा सावकाश सांगतो.

एक आजी पेटीवर आल्या त्या गुडघ्याला चोळायला बाम मागायला. आपला नियम असा की येईल त्याचे पाय आधी धुवायचे, मग तक्रार ऐकायची. बारावी झालेला एक मुलगा पाय धुवायला बसला होता. नीटला एकदा बसून मार्क कमी पडले होते, पुन्हा बसायचं की नाही या विचारात होता. त्याने उजवा पाय धुतला, डावा धुताना त्याला करंगळीच्या मुळाशी काळं काही दिसलं. चिखल समजून चोळलं, जाईना. बॅटरी लावून पाहिलं तर बाभळीचा काटा, आत मोडलेला, आणि भोवती पू.

"आजी, हे दुखत नाही?"

"न्हाई की. पाय माझं कवाच दुखत न्हाईत. माउलीनं दुखणं काढून घेतलंय."

पोराने डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी आजींना डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाले, पायाला हात लागला की सांगा. त्यांनी तळव्यावर एका जागी दाबलं, दुसऱ्या जागी दाबलं, तिसऱ्या. आजी डोळे मिटून शांत बसलेल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लावा की हात. कवा लावताय?"

त्या मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. साखरेने पायाच्या नसा मरतात, मग काटा रुतला तरी कळत नाही, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या क्षणी त्याला ते दिसलं. आजींना पंधरा वर्षं साखर होती. आणि नवस अनवाणी वारीचा, सुनेच्या बाळंतपणातला. तो नातू आता मोठा झाला होता. एकवीस वाऱ्या झाल्या होत्या, एकही चुकली नव्हती.

डॉक्टरांनी काटा काढला, पू काढला आणि सांगितलं, आता चालायचं नाही, सर्जनला दाखवायचं. आजींनी ऐकून घेतलं, पाया पडल्या आणि उठून काठी घेतली. त्यांना अडवायचं कसं? 'तुमची श्रद्धा बाजूला ठेवा' असं म्हणणारा डॉक्टर वारीत कुणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. तो मुलगा त्यांच्यासोबत राहुटीपर्यंत गेला आणि रात्री उशिरापर्यंत तिथेच बसला. त्याने काही समजावलं नाही. नातवाचं ऐकलं, सुनेचं ऐकलं, पहिल्या वारीला किती पाऊस होता ते ऐकलं. मग येऊन विणेकरी महाराजांना उठवलं.

महाराजांनी पहाटे आजींना बोलावलं. म्हणाले, "नित्यपाठाची ज्ञानेश्वरी ट्रकमध्ये सामानात पडलेली असते, ते बरं दिसत नाही. मांडीवर घेऊन बसणारं कुणीतरी हवं. आजपासून ती सेवा तुमची." आजींना कळलं नसेल असं नाही. पण ग्रंथ मांडीवर आल्यावर तो खाली ठेवून कोण उठेल? नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान झालं तेव्हा त्या पाय प्लॅस्टिकमध्ये बांधून ट्रकमध्येच बसल्या, आणि त्या मुलाने ओंजळीत तीर्थ आणून त्यांच्या डोक्याला लावलं. लोणंद झालं, तरडगाव झालं. चांदोबाच्या लिंबाचं रिंगण त्यांनी ट्रकच्या फाळक्यावरून पाहिलं.

फलटणला सर्जननी करंगळी काढली. पाय राहिला. तो मुलगा दोन दिवस आजींपाशी थांबला. तिसऱ्या दिवशी आजींनी त्याला घालवून दिलं, "तू जा. माझ्या वाटचं चाल." दिंडी तोवर पुढे गेली होती, एसटी पकडून त्याने तिला गाठलं आणि वाखरीपर्यंत चालला. आजींची बाविसावी वारी फलटणलाच राहिली. त्याचं त्यांना दुःख होतं, ते आम्ही कमी करू शकलो नाही.

पुढच्या वर्षी त्या आल्या. पायात एमसीआरची मऊ चप्पल, साखरेच्या पायासाठी मिळते ती. पण नवसाचं काय? महाराजांशी बोलून असं ठरलं की रस्त्यावर चप्पल, आणि पालखीसमोर, विसाव्याला, आरतीला अनवाणी. आजींना ते पुरतं पटलेलं नाही. अजूनही एखाद्या सकाळी चप्पल पिशवीत असते आणि आजी अनवाणी असतात. मग पेटीवरचं कुणीतरी पोर शेजारून चालत काही न बोलता पिशवीकडे बघतं. आजी पुटपुटतात आणि चप्पल घालतात.

त्या मुलाने पुन्हा परीक्षा दिली. आज तो सर्जन आहे, तालुक्याच्या गावी बसतो. साखरेचा पेशंट आला की बूट-मोजे काढायला लावतो आणि स्वतः वाकून तळवे बघतो. लोक म्हणतात, "डॉक्टर, पायाला काही नाही, दुखत नाही." ते ऐकल्यावर तो जास्तच निरखून बघतो.

सगळ्यांचं असंच होतं असं सांगणार नाही. फोटोपुरती येणारी मुलंही येतात, आणि पुण्यातून निघेपर्यंत परततात. मेडिकलचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, वारीत सेवा केली म्हणून एक गुण वाढत नाही. त्यामुळे जे टिकतात ते दुसऱ्या कशासाठी तरी टिकतात. एक मुलगी दोन वाऱ्या करून म्हणाली, "मला डॉक्टर नाही व्हायचं. डॉक्टर गोळी लिहून पुढच्याकडे जातात, माणसाजवळ बसतं कोण, तर सिस्टर." ती नर्स झाली. वडील नाराज होते. आमच्या मते तिला लवकर कळलं हे बरं झालं. एकाला रक्त बघवत नव्हतं, तो दिंडीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब बघू लागला आणि अजून बघतो; टँकरात क्लोरीन टाकल्याशिवाय तो कुणाला तांब्या भरू देत नाही. आमचं अर्धं काम तोच करतो.

आता पुढच्या वारीचं बोलून थांबतो. ज्यांना रक्तदाब, साखर, दमा, हृदयाचं दुखणं आहे त्यांनी गोळ्यांची पाकिटं फेकू नयेत. नाव पाकिटावरच असतं. महिन्याच्या गोळ्या सोबत घ्याव्यात आणि आळंदीला पेटीवर नोंद करावी. अनवाणी चालणाऱ्या माउलींनी रोज मुक्कामावर तळवे दाखवावेत, साखर असो वा नसो. दुखीच्या गोळ्या एकमेकांना देऊ नयेत. विसाव्याला आडोसा कुठे आहे ते सेवेकरी मावशींना विचारावं, लाजू नये.

आणि गावातल्या ज्या मुला-मुलींना डॉक्टर, नर्स व्हायचं मनात आहे, त्यांनी नावं विणेकरी महाराजांकडे द्यावीत. पहिल्या वर्षी पाय धुवायचे आणि वही लिहायची, हे घरी सांगून यावं. सोबत साबण, एक जुनी चादर आणि बॅटरी आणावी. बॅटरी चांगली असावी, तळवा बघायला उजेड लागतो.

राम कृष्ण हरी.